तीन म्हणजे तीन

१

गाडी दुरुस्त झाली की अनुप ती साकोलीच्या गॅरेजमधून बाहेर काढायचा, बसस्टँडसमोरच्या गर्दीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत न्यायचा आणि काचा, पंखा, रेडिओ सगळं बंद करून नुसता कान लावायचा. पॉलिटेक्निकच्या दीड वर्षात मास्तरांनी जेवढं शिकवलं नाही तेवढं त्याला या एका फेरीत कळायचं. मास्तर फळ्यावर इंजिन काढायचे. फळ्यावरचं इंजिन कधी बिघडत नाही. म्हणून आपण शिक्षण सोडलं, असं अनुप सांगायचा. पोराला डोकंच नाही, असं त्याचे बाबा सांगायचे, आणि बाबांचं म्हणणं गावात जास्त चालायचं.

या खेपेची गाडी घरचीच होती. पांढरी, छोटी, अकरा वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली पडलेली. अनुपची मोठी बहीण तृप्ती नर्स झाली होती, आणि सोमवारपासून तिला हायवेपलीकडच्या आरोग्य केंद्रात रुजू व्हायचं होतं. बाबांनी, म्हणजे डोमाजींनी, चार लोकांत जाहीर केलं, "माह्या पोरीले मी माही गाडी देऊन राहिलो." चार लोकांनी माना डोलावल्या. उंदरांची घरटी उपसणं, टाकी धुणं, नवी बॅटरी, सेल्फची दुरुस्ती हे सगळं मात्र अनुपनं केलं. दोन दिवसांचं काम. गाडीनं पहिल्या खटक्यात सेल्फ घेतला तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. दोन दिवसांचंच काम होतं हे, तेव्हाही.

बसस्टँडपाशी समोरची एसटी हलली. अनुपनं क्लच सोडत पाय हलकाच दाबला. गाडी निघाली, दोन हात गेली आणि थबकली. बंद पडली नाही, गचका दिला नाही. दारात निघालेल्या माणसाला आतून कुणी हाक मारावी तशी जरा रेंगाळली, आणि मग सुरळीत पुढं गेली.

"का झालं बे? तोंड काहून पाडलं?" गॅरेजमध्ये चिंधू मिस्त्री पेट्रोलनं हात धूत बसले होते.

"पिकअप घेताना थबकते, मिस्त्री. हळू दाबलं की. जोरात दाबलं तं काहीच नाई."

"अकरा साल झोपली होती ना ते. तुले कोणी सकाळी उठवलं तं तू का लगेच पळते का?"

"सोमवारी ताई नेणार आहे. फाट्यावरून."

मिस्त्रींचं हसू गेलं. गावाचा फाटा त्यांनाही माहीत होता. तिथं सिग्नल नाही, गतिरोधक नाही. रायपूरकडून येणारे ट्रक उतारावर असतात. दोन ट्रकमधली फट बघायची, पहिल्या गिअरवर गाडी घालायची आणि पलीकडं निघून जायचं. त्या फटीत गाडी थबकली तर पुढचं काही तृप्तीच्या हातात राहणार नव्हतं.

"तं मंग सोमवारच्या आत शोध," मिस्त्री म्हणाले.

२

त्यानं एका टोकाकडून सुरुवात केली. प्लग काढून बघितले, चारी बाजूंनी सारखे जळलेले, तरी नवे टाकले. एअर फिल्टर बदलला. पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंपाचं प्रेशर मोजलं, बरोबर होतं. कुठून हवा ओढते का म्हणून चालू इंजिनवर एकेका नळीच्या जोडावर स्प्रे मारला. आवाज बदलला असता तर गळती सापडली असती. आवाज बदलला नाही. थ्रॉटल बॉडी खोलली, काळी काजळी टूथब्रशनं घासून काढली, तोंड दिसेल इतकी चकचकीत केली.

दर कामानंतर एक फेरी. दर फेरीत गाडी थबकली.

खराब सुटा भाग हट्टी असतो, कुठंही न्या, सारखाच वागतो. हे थबकणं तसं नव्हतं. बसस्टँडवर ते पटकन सरायचं. नाल्याच्या पुलापाशी जास्त वेळ. गावाकडच्या वळणावर आणखी. अनुपनं प्लगच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: बसस्टँड एक. पूल दोन. शाळेचं वळण तीन.

लिहून झाल्यावर तो खोक्याकडं बघत राहिला. खिशात मोबाईल होता, सेकंद मोजता आले असते. आपण आकडे कशाला मोजले? आणि हे आकडे सेकंदांपेक्षा जरा लांब होते. त्यांना एक चाल होती.

ती चाल त्याला पाठ होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती तोंडावर आली होती, इतकंच.

३

त्या काळी ही गाडी थांबली की बंद पडायची, आणि बंद पडली की सेल्फ घ्यायची नाही. कुणी मिस्त्रीला दाखवा म्हटलं की डोमाजी म्हणायचे, "मले माहीत आहे माही गाडी." तीन वर्षं त्यांना ती माहीत होती. तीन वर्षांत त्यांनी दोन दिवस काढले नाहीत. उलट सगळ्या घराला चालत्या गाडीत चढायला शिकवलं.

आणि खरं सांगायचं तर ती मजा होती. ते आठवलं की अनुपला अजून स्वतःचाच राग यायचा, कारण राग येण्याआधी हसू यायचं. शाळा सुटली की तो आणि तृप्ती फाटकातून पळत सुटायचे, बाबा रांगत्या गाडीत ओरडायचे, "एक! दोन! तीन!" आणि तीनला दोघं आत पडलेले असायचे, दप्तर एकीकडं, चप्पल दुसरीकडं. मग बोडीच्या वळणावर माय. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पारीला लागून त्यांची धानाची एक बांधी होती. रोवणीच्या दिवसांत माय गुडघ्यापर्यंत चिखलात असायची, गाडीचा आवाज आला की लुगडं खोचत रस्त्यावर यायची. बाबा पाय उचलायचे, गाडी माणसाच्या चालीनं चालायची. एकला अनुपनं मागचं डावं दार उघडायचं. ते त्याचं काम होतं, आणि ते त्यानं दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. दोनला मायचा चिखलाचा पाय आत. तीनला दार बंद. मग ती हात वर करून छताला आतून दोनदा ठोकायची, ठक ठक, बांगड्यांसकट, आणि त्यानंतरच बाबा दाबायचे.

"चाल आता," ती म्हणायची. "तुमची राणी रुसन नाई तं."

चिखलाचा, कुजलेल्या पाल्याचा, पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, ओल्या मुळांचा वास गाडीभर व्हायचा. त्या वासात अनुपला झोप लागायची.

कधी उशीर झाला तर मायला पळावं लागायचं. "जरा चारपर्यंत मोजत जा ना," ती म्हणायची.

"चारले इंजिन मरते. तीन म्हणजे तीन."

ज्या दिवशी माय गेली त्या दिवशी पोरं गाडीत नव्हती. अनुपला ताप होता, तृप्ती त्याच्यापाशी बसली होती. डोमाजी कुणाच्या तरी साक्षगंधाहून येत होते, अंगात पांढरा शर्ट, पांढरी पँट. वर पाऊस, खाली चिखल. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी थांबलो होतो. गाडी उभी होती. तिचा पाय घसरला, दगडावर डोकं आपटलं." सगळ्यांनी ऐकलं. बायकोच्या दुःखात डोमाजीनं गाडीला पुन्हा हात लावला नाही, असं म्हणून लोकांनी त्यांना मानही दिला.

अनुप बारा वर्षांचा होता. "गाडी उभी होती" हे वाक्य त्याच्या घशात तेव्हाच अडकलं होतं. इंजिन चालू ठेवून ती गाडी उभी राहूच शकत नव्हती, आणि बाबा इंजिन मरू देत नसत.

४

शुक्रवारी दुपारी तो एकटाच बोडीच्या वळणावर गेला. जायची गरज नव्हती. कच्च्या रस्त्यावरही चाचणी हवी, असं त्यानं मिस्त्रींना सांगितलं.

धान कापून, चुरून झालं होतं. बांध्या कोरड्या, भेगा पडलेल्या. उन्हाळी धानाचे पऱ्हे अजून कुणी टाकले नव्हते. बोडीत मधोमध तेवढं पाणी, त्यात एक बगळा. इतकी शांतता की टायरखालचा खडा ऐकू यावा.

वळणावर त्यानं वेग कमी केला, पहिला टाकला आणि हलका पाय दाबला.

गाडीनं श्वास सोडला. इंजिनचा आवाज खाली उतरला आणि ती माणसाच्या चालीनं चालू लागली.

एक. दोन. तीन.

चार.

मग ती पुढं गेली.

चारला इंजिन मरायला हवं होतं, असं त्याच्यातलं पोर म्हणालं. आता सगळं नवं आहे, मरणार नाही, असं त्याच्यातला मिस्त्री म्हणाला. दोघांचंही खरं होतं.

त्यानं गाडी उभी केली, उतरला, उगाच टायर बघितले. मागचं डावं दार उघडलं. खालची चटई त्यानं सकाळीच धुऊन, वाळवून परत घातली होती. तिच्यावर चिखल होता. ओला. तळहाताएवढा, एका बाजूला दाबला गेलेला. त्यात हिरवं बोटभर पातं रुतलेलं होतं, धानाच्या रोपाचं, नुकतं उपटल्यासारखं.

माझ्याच बुटाचा असेल. पण तो मागं बसला नव्हता. छत गळत असेल. पण पाऊस जाऊन महिना झाला होता. कुणीतरी चेष्टा केली असेल. हे तिसरं उत्तर त्याला सगळ्यात बरं वाटलं, म्हणून त्यानं तेच धरून ठेवलं.

मग त्यानं वाकून वास घेतला, आणि डोळे आपोआप मिटायला लागले. लहानपणी मिटायचे तसे.

५

शनिवारी त्यानं थ्रॉटलच्या सेन्सरला दोन वायरी जोडल्या, त्या बॉनेटमधून आत आणल्या आणि मीटर डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं चिकटवला. पाय किती दाबला हे तो सेन्सर इंजिनला सांगतो. दाबलं की आकडा चढतो, सोडलं की अर्ध्या व्होल्टवर येतो. सेन्सर खोटं बोलत असेल तर इथं पकडला जाणार होता. चिंधू मिस्त्री शेजारी बसले, नजर मीटरवर.

शाळेच्या वळणावर अनुपनं पाय दाबला. आकडा चढला, एकच्या वर गेला. मग अलगद उतरत अर्ध्यावर आला.

"पाय काहून उचलून राहिला बे?"

"मी उचलला नाई."

"मीटर सांगून राहिला ना. उचलला तू."

"मिस्त्री, माहा पाय पेडलवरच आहे."

मिस्त्रींनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि वाकून खाली बघितलं. त्यांचा श्वास अनुपला ऐकू आला. नंतर तोही ऐकू येईना.

अनुपनं खाली बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. पेडल त्याच्या तळव्याला टेकलेलंच होतं. ते वर येत होतं, त्याचा पाय सोबत घेऊन, हळूच, झोपलेल्या पोराचा हात बाजूला ठेवावा तसं.

"गाडी बाजूले घे," मिस्त्री म्हणाले.

बाजूला घेतल्यावर त्यांनी स्वतः मीटर सोडला, वायरी गुंडाळल्या, खिशात ठेवल्या. चाळीस वर्षं गाड्या खोलणारा माणूस, पण डोळ्याला डोळा देईना.

"मशीन सही आहे बापा तुही," ते शेवटी म्हणाले. "दोष सापडला नाई की आम्ही एक करत होतो. ज्यानं चालवली त्यालेच बसवायचं चाकावर. त्याचा पाय काय करते ते बघायचं. डोमाजीले बसव."

"आणि तुम्ही?"

"मी नाई येत," मिस्त्री म्हणाले, आणि पायीच साकोलीच्या रस्त्याला लागले.

६

"मले आता सवय नाई राहिली," रविवारी सकाळी डोमाजी म्हणाले. अंगणात खुर्ची, हातात चहा.

"बोडीपर्यंत जाऊन येऊ. दहा मिनिटं."

"मिस्त्री तू का मी? त्यासाठीच तं शिक्षण सोडलं ना? मंग कर दुरुस्त."

तृप्ती दारात वेणी घालत उभी होती. "चालवा ना बाबा एक खेप. उद्या मलेच बसायचं आहे."

"तुही हिम्मत नसन तं एसटीनं जाय."

अनुप जवळ गेला. तृप्तीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "उद्या फाट्यावर ताई मेली, तं तिच्याबी वेळेस सांगान का, गाडी उभी होती म्हणून?"

डोमाजींनी कप खाली ठेवला. मारतील असं वाटलं. पण त्यांनी हात पुढं केला, किल्लीसाठी.

शाळेपर्यंत ते बोलत होते. क्लच कडक आहे, आरसा चुकीचा लावला, आजकालच्या पोरांना गिअरची भाषा कळत नाही. बोडीची पार दिसली तशी त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली. वळणावर त्यांनी पहिला टाकला, पाय दाबला.

गाडीचा आवाज उतरला.

डोमाजींनी आणखी दाबलं. पेडल तळाला टेकलेलं अनुपला दिसत होतं. इंजिनवर काही परिणाम नव्हता. सपाट रस्त्यावर गाडी आपल्या चालीनं चालली होती, बाजूनं कुणी पायी येत असावं तशी.

"एक," डोमाजींच्या तोंडून निघालं. त्यांना कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. "दोन. तीन." तीनला त्यांनी पायावर सगळं अंग टाकलं. त्या दिवशीही असंच टाकलं असणार, अनुपला दिसलंच ते, मायचा एक पाय अजून रस्त्यावर, पांढरी पँट, पांढरा शर्ट, इंजिन मेलं तर चिखलात उतरून ढकलावं लागेल हे एवढंच डोक्यात.

"चार," अनुप म्हणाला. "पाच."

गाडी चालत राहिली.

"सहा."

"बस ना वं!" डोमाजी ओरडले. समोर रस्त्याकडं बघत, पूर्ण गळा काढून. "किती वेळ लावते! बस लवकर, गाडी मरन ना!"

मागचं डावं दार कुरकुरलं. या दाराला अनुपनं गुरुवारीच तेल दिलं होतं, तरी ते जुनंच कुरकुरलं, वर चढत जाणारं. लहानपणी तो ते तोंडानं काढून दाखवायचा. गाडी मागून डावीकडं बसली. दार लागलं. आणि वास आला.

मागं वळायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त आरशात बघितलं. बाबांचा आरसा, चुकीचा लावलेला. त्यात सीटचा कोपरा होता, काचेचा तुकडा होता, आणि छताकडं उचललेला एक हात. मनगटापर्यंत चिखल, त्यातून दोन हिरव्या बांगड्या. बोटं ठोकायला वाकलेली.

हात तसाच राहिला. ठोकला नाही.

इंजिननं उचल घेतली आणि गाडी लोण्यासारखी पुढं गेली. परत येताना कुठंच थबकली नाही. डोमाजी घामानं भिजले होते. घराच्या फाटकापाशी त्यांनी विचारलं, "वाजवलं का तिनं?"

"नाही," अनुप म्हणाला.

७

सोमवारी सकाळी तो फाट्यावर जाऊन उभा राहिला. तृप्ती आली, थांबली. एक ट्रक गेला, दुसरा दूर होता. तिनं पहिल्या गिअरवर गाडी घातली. अनुपचे ओठ हलत होते. एक म्हणेपर्यंत ती पलीकडं पोचलीसुद्धा. पलीकडून तिनं हात दाखवला, आणि लगेच फोन.

"अनुप, मख्खन चालून राहिली रे! का केलं तू?"

"काही नाही. मागची चटई कशी आहे?"

"चटई? कोरडी आहे. काहून?"

"उगाच."

तो पायी घरी आला. दोष नाहीसा होत नसतो, हे त्याला गॅरेजनं शिकवलं होतं. एका जागेवरून काढला की दुसरीकडं निघतो. शाळेच्या वळणापासूनच तो रस्त्यावर ओला चिखल शोधत होता.

डोमाजी घराच्या पायरीवर उभे होते, तोंड आत. डावा पाय पायरीवर, उजवा उंबरठ्यावर उचललेला, खाली ठेवायच्या बेतात. पण ठेवला नव्हता. हातातल्या लोट्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं होतं. मांडी थरथरत होती. उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, सारवलेल्या जमिनीवर, तळहाताएवढा ओला चिखल होता. त्यापुढं आणखी एक. चुलीकडं जाणारा.

"कवापासून असे उभे आहा?"

"तृप्ती गेली तवापासून." आवाज बारीक झाला होता. "पाय खाली जात नाई रे. तुही माय वाजवत नाई तोपर्यंत..."

अनुप जवळ गेला. दाराची चौकट सागाची होती, जुनी. त्यानं तिच्यावर हात ठेवला, बोटं वाकवली. दोनदा ठोकलं असतं तर बहुतेक पाय खाली आला असता. मायची चाल त्याला पाठ होती. बाबांनाही ते कळलं असावं, कारण ते त्याच्या बोटांकडं बघायला लागले, भुकेलं माणूस बघतं तसं.

"बाबा," त्यानं विचारलं, "गाडी उभी होती का?"

आत चुलीपाशी काहीतरी किणकिणलं, जरासं.

डोमाजींनी ओठ ओले केले. त्यांनी आत बघितलं, मग पोराकडं.

"उभी होती," ते म्हणाले.

अनुपनं चौकटीवरचा हात काढला आणि खिशात घातला.